एकवीस मणी

॥ श्री गजानन ॥
पांढुर्णा, १२ मे २०२५

ती. पुष्पाताईंना रजनीचा नमस्कार.

तुमच्या कानाला फोन ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहिलं तर ते आधी मृणाल वाचते. सून चांगली आहे, पण नणंद-भावजयीतलं सगळंच तिनं वाचावं असं नाही. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं.

भाऊजींना जाऊन आज बावीस दिवस झाले. तुमच्या अंगणात त्यांना खाली ठेवलं होतं, तुम्ही उशाशी बसल्या होत्या, आणि तुमचा सख्खा भाऊ खदाखदा हसला. मी पदराचा बोळा करून यांच्या तोंडावर धरला तरी थांबले नाही. सौंसरची अर्धी आळी पाहत होती. तुम्ही मान वर करून एकदाच पाहिलं, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेरवीला आम्हाला निरोपही आला नाही. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही.

पण ताई, ती बिमारी आहे. जानेवारीत लकवा मारला तेव्हापासून हे असंच आहे. नागपूरच्या मेंदूवाल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. हसण्या-रडण्याचं यंत्र खाली, मेंदूच्या देठाशी असते आणि त्याचा लगाम वरती. लकव्यानं यांचा लगाम तुटला. आता शिंक यावी तसं हसू येते, तसंच रडू येते. आतून तसं काही वाटत असतेच असं नाही. बाई म्हणाल्या, "आतून तर ते शरमेनं मरत असतात, आजी." गोळ्या दिल्या आहेत, रोज सकाळी एक. दोन-तीन हप्त्यांत लगाम बसेल म्हणाल्या. गोळी सुरू करण्याआधी आठ दिवस आणि नंतर महिनाभर वही ठेवायला सांगितली. केव्हा हसले, केव्हा रडले, कशावरून, किती वेळ. तुम्हाला माहीत आहे, वही ठेवायला मला सांगावं लागत नाही. वेळ मी जपाच्या माळेवर मोजते. एका मण्याला एक श्रीराम जयराम जयजयराम.

भाऊजींच्या वेळचं हसू मी मागाहून वहीत लिहिलं. चौतीस मणी तरी असेल.

तुम्ही त्याला हसणं समजू नका. यांना माफ करा.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. परवा बोलता बोलता मी नेहाचं नाव घेतलं, तर हे ढसाढसा रडले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मी वहीत त्या ओळीला कुंकू लावलं.

तुमची,
रजनी

---

सौंसर, २४ मे

चि. सौ. रजनीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. ह्यांच्या फोटोपुढं एकदा मोठ्यानंही वाचलं, त्यांनाही कळू दे की मेहुणा हसला ते देठातून हसला.

मला एवढंच सांग. हसला तर बिमारी, अन् रडला तर बाप? माझ्या नवऱ्याच्या मढ्यापुढं हसला तेव्हा लगाम तुटलेला होता, अन् तुझ्या पोरीच्या नावाला रडला तेव्हा तो आपोआप जोडला गेला होय? तू दहावी पास आहेस, मी सातवी. पण एवढं मलाही समजते की दोन्ही एकाच भोकातून येऊन राहिलं. खरं असेल तर दोन्ही खरं. मग माझा भाऊ माझ्या दारात माझ्या रांडपणाला हसला, असंच मी धरीन.

इथं बायका अजून विचारतात, "तुमच्या भावाचं अन् भाऊरावजींचं काही वाकडं होतं का जी?" काय सांगू? देठ सांगू?

गोळी सुरू केली की नाही ते लिहिलं नाहीस. बाकी सगळं लिहिलंस.

पुष्पा

---

॥ श्री गजानन ॥
पांढुर्णा, ९ जून

ती. पुष्पाताईंना नमस्कार.

तुम्ही नेमकं तेच विचारलं. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. गोळी सुरू केलेली नाही. पाकीट देवघरात गजानन महाराजांच्या फोटोमागं ठेवलं आहे.

रागावण्याआधी ऐका. नेहा गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. कावीळ झाली होती. मी तिला माळ आणून घातली, ती काड्यांची, मंतरलेली. काविळीची माळ जसजशी लांब होते तसतशी कावीळ उतरते, हे तुम्हीही मानता. ती रोज लांब होत होती. मी बोटांनी मोजत होती. पहिल्या दिवशी गळ्याशी, नवव्या दिवशी बेंबीपर्यंत. मी नवस फेडायची तयारी केली, आणि दहाव्या दिवशी पोरगी ओळखेना. नागपूरला पोचायच्या आत गेली.

तुमचा भाऊ रडला नाही. घाटावर नाही, घरी नाही. मी भिंतीवर डोकं आपटत होती आणि हे दाराच्या चौकटीला टेकून उभे. तिसऱ्या दिवशी राख सावडून आले, आंघोळ केली, शर्ट घातला आणि कापसाच्या जिनात कामावर गेले. संध्याकाळी परतले तर अंगाला सरकीच्या ढेपेचा वास. पोरीची राख थंड झाली नव्हती आणि हा माणूस ढेपेचे पोते मोजून आला! तो वास मी सत्तावीस वर्षं विसरली नाही. गौरव तेव्हा चार वर्षांचा. त्याच्यासाठी मी राहिली, स्वयंपाक केला, यांच्या ताटात वाढलं. पण त्या दिवसापासून यांच्याकडे तोंड करून झोपली नाही.

आता रोज दिवाबत्ती झाली की मी यांच्यासमोर बसते, हात हातात घेते आणि हळूच म्हणते, "आपली नेहा." आणि बांध फुटतो ताई. एकवीस मणी. कधी एकोणीस, कधी तेवीस, पण बहुतेक एकवीस. एखाद्या बाईला सत्तावीस वर्षांनी तिचं मिळालं, तर ते ती गोळी घालून बंद करील का?

हे पाटीवर डाव्या हातानं 'गोळी' लिहितात. बोलणं अजून बोबडंच आहे. मी ओल्या फडक्यानं पाटी पुसून ठेवते.

मंगळवारी जामसावळीला नेलं. मारुतीपुढं हसले. लोक बाजूला सरकले. ती बिमारी, हे मी आजही सांगते.

रजनी

---

सौंसर, २० जून

रजनी,

आता तू मला शिकवलंच आहेस, तर मीही तुला एक शिकवते. डॉक्टरीणबाईनं सांगितलं नसेल, पण माझी अक्कल सांगते.

उद्या दिवाबत्ती झाली की तशीच बस. तसाच हात धर. तोच आवाज काढ, नाकातला, पोथी वाचतेस तसा. अन् म्हण, "आपली ढेमसं."

हो, ढेमसं. बाजारातली. मग मोज मणी, अन् मला कळव.

माझ्या भावाबद्दल तुला किती माहीत आहे, ते मी सत्तावीस वर्षं पाहून राहिली.

पुष्पा

---

॥ श्री गजानन ॥
पांढुर्णा, १८ जुलै

ती. पुष्पाताईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. एकादशी होती, मग गौरव भोपाळहून दोन दिवस येऊन गेला, मग माझेच गुडघे. तुम्ही लिहिलं तसला पोरकटपणा मी केला नाही आणि करणारही नाही. नेहाच्या नावाच्या जागी भाजीचं नाव घ्यायला माझी जीभ वळणार नाही.

इकडे पाणी बरं आहे. तब्येत ठीक. हे जेवतात. भाज्या महाग नाहीत, पण ढेमसं मी आणत नाही, यांना वातूळ होतात. वही चालू आहे.

तुमच्या संत्र्यांना यंदा बहर कसा आहे ते कळवावं.

रजनी

---

सौंसर, ३० जुलै

रजनी,

भाऊराव असते तर मोठ्यानं हसले असते, अन् लगाम तुटलेला नसताना हसले असते. माझ्या भावानं लहानपणापासून ढेमसांवर ताव मारला. माय ओरडायची, "बापा, बाकीच्यांना ठेव!" त्याला कधी वात झाला नाही. म्हणजे तू करून पाहिलंस.

किती मणी?

गोळी सुरू कर. मी त्याच्यावर रागावलेली आहे, तो राग माझ्याजवळ राहील. पण तो माझ्या पाठचा आहे. पाटीवर लिहून मागून राहिला अन् तू पुसून राहिली! देवाच्या फोटोमागं दवाई लपवणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती.

पुष्पा

---

पांढुर्णा, २५ ऑगस्ट

पुष्पाताई,

चोवीस मणी.

तुम्हाला तेच पाहिजे होतं ना? घ्या. नेहाला एकवीस, ढेमसांना चोवीस. हात तोच, आवाज तोच. मी म्हटलं, "आपली ढेमसं," आणि यांचा चेहरा तसाच चुरगळला, तोच हुंदका, तीच लाळ. दुसऱ्या दिवशी "आपला गॅसचा सिलेंडर" म्हटलं. वीस. मग मी वहीतल्या त्या कुंकवाच्या ओळी मोजल्या. बेचाळीस होत्या.

त्या दिवशीच गोळी द्यायला पाहिजे होती. दिली नाही. तुम्ही मोठ्या आहात, लपवत नाही. मी त्यांना म्हटलं, "तेव्हा पोरीला रडले नाही ना? आता भाजीला रडा." रोज एक नाव घेतलं. झाडू. कुकर. पायपुसणं. रडताना ते डावा हात हलवून नको-नको म्हणत आणि मी माळ ओढत बसे. रामाचं नाव घेऊनच ओढत होती. हे मी महिनाभर केलं.

मग परवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार झाली. आम्ही त्या दिवशी दरवर्षी दार लावून बसतो, कारण नदीवरच्या दगडफेकीत फुटलेल्या पोट्ट्यांना आमच्याच गल्लीतून नेतात. सकाळी यांनी पाटीवर पुन्हा 'गोळी' लिहिलं. माझं डोकं फिरलं. मी यांना खुर्चीसकट ओट्यावर बसवलं, म्हटलं, "बसा, हवा खा," आणि आतून कडी लावली.

दुपारी चार जण एका पोराला खांद्यावर टाकून आले. कपाळ फुटलेलं, शर्ट लाल. आमच्या ओट्यापाशी दम घ्यायला थांबले. आणि हे हसले. तुमच्या अंगणात हसले तसेच. मी खिडकीत होती. पोराचा काका असेल, दारू प्यालेला, तो ओट्यावर चढला.

"काहून हसून राहिला बे म्हाताऱ्या? माह्या पोट्ट्याचं डोस्कं फुटलं अन् तुले मजा वाटते?"

हे आणखीच हसले. त्यानं एक थापड मारली.

"अजून हसते! हास, हास आता!"

दुसरी. मग तिसरी, उलट्या हातानं. समोरचा प्रवीण धावत आला, "अरे सोड जी, बिमार माणूस आहे तो, त्याच्या हाती नाही!" तेव्हा तो उतरला. ओठ फुटून रक्त आलं तरी यांचं हसू चालूच होतं. हसता हसता ते खिडकीकडे पाहत होते. मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

दार उघडायला मला तीन थपडा लागल्या, ताई.

त्याच संध्याकाळी फोटोमागचं पाकीट काढलं आणि पहिली गोळी दिली. दोन हातांनी घेतल्यासारखी त्यांनी एका हातानं घेतली. प्रसाद घेतात तशी.

आज वर देवाचं नाव लिहिलं नाही. हिंमत झाली नाही.

रजनी

---

सौंसर, ८ सप्टेंबर

रजनी,

तुझं पत्र वाचलं. वाटलं, माझ्याजवळ एक आहे ते आता देऊन टाकावं. तू तिसऱ्या थपडेला दार उघडलंस. मला सत्तावीस वर्षं लागली, तेव्हा मी तुला बोलणारी कोण?

नेहाची राख सावडली त्या तिसऱ्या दिवशी माझा भाऊ रवी जिनात गेला नव्हता. इकडे आला होता, सकाळच्या गाडीनं. घरातही शिरला नाही, सरळ गोठ्यात गेला, ढेपेच्या पोत्यांवर पडला अन् दिवसभर रडला. बैल दावं तोडायला लागले इतका आवाज. ह्यांनी त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. हो, त्याच भाऊरावांनी. तुला जो वास आला तो माझ्या गोठ्याचा.

मी म्हटलं, "अरे, असा रजनीपुढं रड. तिला बरं वाटेल." तर म्हणतो, "तिच्यापुढं रडलो तर तोंडातून निघून जाईल, ताई. नऊ दिवस मी म्हणत होतो दवाखान्यात नेऊ, अन् ती माळ मोजत होती. तिच्यापुढं एक थेंब काढला तर त्याच्या मागं हे निघेल. मग ती जगणार नाही. गौरव लहान आहे." माझ्याकडून शपथ घेतली, नेहाची.

म्हणून तो तुझ्यापुढं कधीच रडला नाही. जन्मभर दात दाबून बसला. आता लकव्यानं तेच दात उचकटले अन् तू समोर माळ घेऊन बसलीस.

हे मी मे महिन्यातच लिहू शकत होती. एका ओळीचं काम होतं. लिहिलं नाही, कारण माझ्या मालकाच्या मढ्यापुढचं ते हसू कानात होतं. वाटलं, रडू दे त्याला थोडं, अन् ही मोजत बसली आहे तर मोजू दे. तुला ढेमसं मीच सुचवली. दुसरं काही सुचवता आलं असतं.

शपथ आज मोडली. तेव्हाही तू माळच मोजत होतीस रजनी, अन् आताही.

तो कसा आहे ते कळव.

पुष्पा

---

पांढुर्णा, ४ ऑक्टोबर २०२५

ती. पुष्पाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र सगळं नवरात्र माझ्या उशीखाली होतं. दसरा झाल्यावर काढलं आणि यांना वाचून दाखवलं. पूर्ण. माळेचंही.

गोळीनं गुण चांगला आला आहे. आता हसणं नाही, रडणं नाही. बोलणंही थोडं सुधारलं. शेजारी म्हणतात, रवींद्रभाऊ पहिल्यासारखे दिसतात. खरंच पहिल्यासारखे दिसतात. चौकटीला टेकून उभे होते तसे.

वाचून झालं तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. मी विचारलं, "हे खरं आहे का?" त्यांनी पाटी मागितली. 'हो' लिहिलं. मग पाटी माझ्याकडे वळवून ठेवली, पुसायला फडकं जवळ होतं ते उचलून आपल्या मांडीखाली घेतलं.

मी हात धरला. म्हटलं, "आपली नेहा." खोटा आवाज काढला नाही, कसा निघाला मला ठाऊक नाही. माळ घेतली नव्हती. घेतली असती तरी एक मणी सरकला नसता.

ताई, मग मी जे केलं ते तुम्हीच ऐकू शकाल. आज सकाळी गोळी काढली आणि मुठीत धरून त्यांच्यापुढं बसली. म्हटलं, "चार दिवस नको घेऊ या. तुम्ही पुष्पाताईंपुढं रडले, भाऊजींपुढं रडले. बैलांपुढं रडले. एकदा माझ्यापुढं रडा. माळेचंही म्हणा, जे म्हणायचं ते म्हणा. मी जगते की नाही ते माझं मी पाहीन."

त्यांनी डाव्या हातानं माझी मूठ धरली. मला वाटलं, धरून राहतील. त्यांनी माझं एकेक बोट उघडलं. सावकाश, कारण त्या हाताला अजून सवय नाही. पाचही उघडली आणि गोळी उचलली.

मी पाणी आणायला उठली. वळून पाहिलं तर त्यांनी ती कोरडीच गिळली होती.

तुमचा भाऊ बरा आहे.

रजनी